भूक मुलाची, वाढप मोठ्यांचे

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. या बाजारात जनावराला चंदी किती घालायची, हा प्रश्न कोणी ‘पोटभर’ म्हणून उडवून लावत नाही. घोडा वजनाला किती, वय काय, काम कसले, हे आधी पाहायचे आणि मग तोबरा भरायचा, ही तिथली रीत. तिला शरीरशास्त्राचा आधार आहे. चारशे किलोच्या घोड्याचे जठर आठ ते पंधरा लिटरचे, म्हणजे देहाच्या मानाने लहानच असते. एका वेळी फार दाणा पडला की पोटशूळ उठतो आणि जनावर हातचे जाऊ शकते. म्हणून दाणा थोडा, वेळा जास्त, आणि बाकी दिवसभर चारा. लेकराचे पोटही त्याच्या गरजेच्या मानाने लहानच असते, पण घरात त्याला वाढताना हा हिशेब सहसा होत नाही. बापाला लागते तसे भाकरी-कालवण त्याच्यापुढेही येते, फक्त कमी. मूल म्हणजे आकाराने लहान केलेला मोठा माणूस, असे धरून चालल्यासारखे हे वाढप असते.

सारंगखेडा ज्या शहादे तालुक्यात आहे तो नंदुरबार जिल्ह्यातला सुपीक पट्टा: ऊस, केळी, पपई, कापूस. त्याच जिल्ह्यात सातपुड्याच्या अंगाला धडगाव आणि अक्कलकुवा आहेत, ज्यांची नावे वर्तमानपत्रात बहुधा कुपोषणाच्या बातमीतच येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण आधीच्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. पाश्चात्त्य देशांत मुलांना जेवणाचे प्रमाण शिकवायचे म्हणजे मुख्यतः कमी खायला शिकवायचे, असा अर्थ झाला आहे, कारण तिथली अडचण ती आहे. तोच अर्थ उचलून तापीकाठच्या शाळेत नेला तर हसे होईल आणि अपायही होईल. माझे म्हणणे असे की इथे प्रमाणाचा धडा दोन भागांत वाटला पाहिजे. पदार्थ किती दाट, कशाच्या जोडीला काय आणि दिवसातून किती वेळा, हे ठरवणे मोठ्यांचे काम. त्यातले किती खायचे हे ठरवणे मुलाचे. आपण नेमके उलटे करतो. ‘किती’वर जोर धरतो आणि ‘काय’ पोरावर सोडतो. ही उलटी वाटणी सरळ केली तर वाळलेल्या मुलाला आणि सुटलेल्या मुलाला वेगवेगळे धडे लागत नाहीत.

आधी दाटपणा पाहू, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. लहान मुलाच्या जठरात एका वेळी अंदाजे किलोमागे ३० ग्रॅम अन्न मावते, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात २४० ग्रॅम. वर्ष ते दोन वर्षांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० कॅलरी लागतात. आता या बाळाला भाताची पातळ पेज किंवा वरणाचे वरचे पाणी दिले, तर ग्रॅममागे फार तर ०.३ कॅलरी मिळते. पोट तुडुंब भरले तरी ७० कॅलरी, आणि दिवसातून तीनदा भरले तरी २१०. बाळ तृप्त दिसते, झोपते, आई समाधानी होते आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही. तेच अन्न मऊ शिजवून, घोटून, थोडे तेल घालून चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट ठेवले तर ग्रॅममागे ०.८ ते १ कॅलरी मिळते आणि तीन वेळांत गरज बरीचशी भागते. दाणा तोच, चूल तीच, पातेलेही तेच, फरक पाण्याचा. बाळाला पातळ पचते ही समजूत किती मुलांच्या वाढीतून वजा होत असेल, याची कल्पना नकोशी वाटते. वयानुसार कॅलऱ्यांचे तक्ते देणाऱ्या पुस्तकांनी पहिल्या पानावर हे पाणी मोजायला शिकवायला हवे.

मूल घरचे जेवण जेवू लागले की दाटपणाच्या जागी जोडीचा प्रश्न येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या आहार-मार्गदर्शिकेत वयानुसार दिवसाचा आहार दिला होता: एक ते तीन वर्षांच्या मुलाला ६० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, चार ते सहाला १२० आणि ३०, सात ते नऊला १८० आणि ६०. दूध, भाज्या, फळे, तेल याशिवाय. भाकरीच्या भाषेत बोलायचे तर साठ-सत्तर ग्रॅम पिठाची एक मध्यम भाकरी हे दोन वर्षांच्या मुलाचे दिवसभराचे धान्य, पाच वर्षांच्या मुलाच्या दोन, आठ वर्षांच्या मुलाच्या तीन. बहुतेक घरांत धान्याचा हा आकडा गाठला जातो, अनेकदा ओलांडलाही जातो. खोट येते ती डाळीत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. दोन्ही मिळून शरीराला वापरता येईल असे प्रथिन होते. नुसत्या भाकरीवर मिरचीचा ठेचा असला तर घशाखाली भाकरी चार उतरतील, पण त्या मानाने बांधणीचे सामान हाती लागणार नाही.

डाळीचे मोजमाप एखाद्या घरात करून पाहावे. सहा माणसांसाठी १५० ग्रॅम तूरडाळ शिजवली. कागदावर माणशी २५ ग्रॅम झाली. पुरावी म्हणून ती दीड लिटरपर्यंत वाढवली. आता नीट ढवळून काढलेल्या सव्वाशे मिलिलिटरच्या वाटीत डाळ आली साडेबारा ग्रॅम. ढवळले नाही तर गाळ तळाशी आणि वाटीत हळदीचे पाणी. पहिल्या पंगतीला पोरे बसतात, त्यांना तिखट लागू नये म्हणून वरचे-वरचे घातले जाते आणि तळाची दाट डाळ मागाहून जेवणाऱ्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जाते. यात कोणाची वाईट बुद्धी नाही. डाव तळापर्यंत गेला नाही, एवढेच. मुलांसाठी फोडणीआधीची डाळ बाजूला काढून ठेवणे आणि बाकीची हवी तेवढी वाढवणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. खानदेशाकडे याहून जुनी तोड आहे ती कळण्याच्या भाकरीची. ज्वारीत उडीद मिसळून दळले की जोड पिठातच बसते. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद धरला तर ६५ ग्रॅमच्या भाकरीत १३ ग्रॅम डाळ आपोआप येते, मग वाढणाऱ्याचा हात कसाही पडो. भरताबरोबर चवीची म्हणून शहरात मिरवणारी ही भाकरी मुलांच्या रोजच्या ताटात परत यायला हवी. दळण टाकतानाच प्रमाण ठरवणारी याइतकी पक्की युक्ती आहारशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

आता मुलाकडे सोडायच्या भागाकडे वळू. मुलाला आपली भूक कळते का? अमेरिकेत बार्बरा रोल्स, लिअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात साडेतीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी कमी, मध्यम आणि जास्त वाढला. साडेतीनची मुले पुढ्यात कितीही असले तरी जवळजवळ तेवढेच खात होती. पाचची मुले मात्र जास्त वाढले की जास्त खात होती. तीन वर्षांनी जेनिफर फिशर यांच्यासोबत केलेल्या पुढच्या प्रयोगात मुख्य पदार्थ दुप्पट वाढल्यावर मुलांनी तो सुमारे २५ टक्के जास्त खाल्ला, घासही मोठे घेतले. आणि त्यांना स्वतः वाढून घेऊ दिले तेव्हा हा वाढीव भाग गळून पडला. प्रयोग लहान होते, मुले मोजकी आणि परकी होती, हे लक्षात ठेवूनही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भुकेचा अंदाज मुलाला आपण शिकवत नाही. तो त्याच्याकडे असतो, आणि ताटाकडे, आईच्या चेहऱ्याकडे बघून जेवायची सवय लागेल तसा तो बोथट होतो. हे घडते साधारण तीन ते सहा या वयात, म्हणजे अंगणवाडीच्या वयात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पोरांवर सोडले तर ती गोडच खातील. याचे उत्तर क्लारा डेव्हिस या शिकागोच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधले. नुकतीच अंगावरचे दूध सुटलेली बाळे त्यांनी एका संस्थेत ठेवली, पुढे तीस-चौतीस पदार्थ मांडले, आणि दायांना सक्त ताकीद दिली की मूल ज्याकडे हात करील तेच द्यायचे, सुचवायचे काही नाही. अशी एकूण पंधरा मुले वर्षानुवर्षे वाढली. कोणी आज नुसती अंडी खाई, कोणी उद्या नुसती फळे. पण हिशेब लांबवर पाहता सगळी धडधाकट निघाली. मुडदूस झालेले एक मूल माशाच्या यकृताचे तेल आपणहून घेत राहिले आणि बरे झाल्यावर ते त्याने सोडले. ही गोष्ट सांगून ‘मुलांना सगळे कळते’ असे म्हणणाऱ्यांनी डेव्हिसबाईंचे पुढचे म्हणणे मात्र वगळलेले असते. त्यांनीच स्पष्ट केले की खरी किमया पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर, मैदा, डबाबंद काहीही नव्हते. निवड मुलांची असली तरी दुकान मोठ्यांनी मांडलेले होते.

सारंगखेड्याच्या किंवा कुठल्याही गावच्या मुलापुढचे दुकान कोणी मांडले आहे ते शाळेच्या वाटेवर दिसते: पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. त्या पुड्यात किती ग्रॅम असावेत हे मुलाची भूक ठरवत नाही, आईही ठरवत नाही. ते नाणे ठरवते. महागाई वाढली की नाणे तेच राहते आणि पुडा हलका होतो. तळलेल्या वेफर्समध्ये शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. वीस ग्रॅमचा पुडा म्हणजे शंभरेक कॅलरी. मोठ्या माणसाला ही नगण्य. चार-पाच वर्षांच्या, दिवसाला १,३६० कॅलरी लागणाऱ्या मुलाने जेवणाआधी अर्धा तास दोन पुडे खाल्ले तर जेवणातली डाळ गेली. भरलेल्या घरात हाच पुडा जेवणाच्या वर पडतो आणि चरबी होतो. अभावाच्या घरात तो जेवणाच्या जागी पडतो आणि झीज होतो. म्हणून खाऊ बंद करा असे मी म्हणणार नाही, यात्रेतली गोडीशेव कोणाला सुटली आहे! जेवणाआधीच्या दोन तासांत तो नको, आणि रडे थांबवायला नको, एवढे पाळले तरी पुष्कळ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो नंदुरबारमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा असाच आहे: कुपोषित मुलाची भूकच मेलेली असते, त्याच्यावर ‘किती’ सोडणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. हे खरे आहे. वारंवारचा जुलाब, जंतुसंसर्ग, जस्तासारख्या सूक्ष्म द्रव्यांची तूट यांनी भूक मंदावते. तीव्र कुपोषणात तर भूक चाचणी हीच उपचाराची पहिली पायरी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या, भूक चाचणीत न उतरलेल्या मुलाचा आहार पोषण पुनर्वसन केंद्रात वजनावरून, मिलिलिटरमध्ये, ठरावीक तासांनी ठरतो; तिथे मुलाच्या मर्जीचा प्रश्न नाही. माझा युक्तिवाद अशा मुलापुरता मागे घ्यावा लागतो. पण त्यावरून बाकी सगळ्या बारीक मुलांना कोंबून भरवावे असे निघत नाही. एमी गॅलोवे आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना एक सूप ‘संपव’ असे बजावत दिले आणि दुसरे काही न बोलता. बजावलेले सूप त्यांनी कमी प्यायले आणि त्याबद्दल कुरकूर जास्त केली. आग्रह आणि सोबत यांत फरक आहे. शेजारी बसणे, घास छोटा करणे, थांबून पुन्हा विचारणे, नवा पदार्थ आठ-दहा वेळा निमूट समोर ठेवणे ही सोबत. तोंड धरणे, धाक घालणे, मोबाइल दाखवून नकळत भरवणे हा आग्रह. मोबाइलवाल्याचे तर आश्चर्य वाटते: मुलाला खाल्ले हे कळूच नये अशी व्यवस्था करायची आणि मग त्याला खाण्याचे भान नाही म्हणायचे.

तिसरा आक्षेप संस्काराचा. पानात टाकायचे नाही, ही शिकवण ज्या समाजाने दुष्काळ पाहिले त्याची आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण तिचा भार कोणावर, हे तपासायला हवे. चार डाव भात आईने घातला आणि पाचव्या घासाला मुलाचे पोट भरले, तर उरलेला भात हा वाढणाऱ्याच्या अंदाजाचा दोष. तो मुलाने पोटात घालून भरून काढायचा, हा न्याय उफराटा झाला. पहिल्यांदा कमी वाढावे, दुसऱ्यांदा मागण्याची मोकळीक ठेवावी, आणि मागून घेतलेले मात्र संपवायला सांगावे. यात अन्नही वाया जात नाही आणि मूल स्वतःच्या मागणीला जबाबदार राहायला शिकते. पहिल्या वाढपाला मुलाची स्वतःची मूठ हे बरे माप आहे: एक मूठ भात, तेवढीच भाजी, आणि जवळपास तेवढेच दाट वरण किंवा उसळ. मूठ मुलाबरोबर वाढते, म्हणून तक्ता बदलावा लागत नाही. (लहान ताट घेतले की मूल आपोआप कमी खाते, असा सल्ला फार फिरतो. त्याचा बराच बोलबाला ज्यांच्या कामातून झाला त्या ब्रायन वॅनसिंक यांच्या संशोधनात गैरप्रकार झाल्याचे कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये जाहीर केले आणि त्यांचे डझनभराहून अधिक निबंध मागे घेतले गेले. ताटे बदलण्याची घाई नको.)

वेळांबद्दल थोडक्यात. सकाळी भाकरी खाऊन रानात जाणाऱ्या आणि दिवेलागणीला परतणाऱ्या घरात मुलाच्या दोन जेवणांत आठ-नऊ तासांचे अंतर पडते. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांत तर वेळेचा प्रश्नच उरत नाही. लहान पोटाला चार-पाच वेळा लागते. यासाठी वेगळा स्वयंपाक नको: फुटाणे, शेंगदाणे, केळे चालते, फक्त चार-पाच वर्षांपर्यंत दाणे अख्खे न देता कुटून द्यावेत, घशात अडकतात. केळी तर शहाद्याच्या शिवारातच पिकतात. आणि एक आकडा प्रत्येक घराने पाठ करावा असा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत नऊ वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळा आकडाच नाही. सात ते नऊ वर्षांच्या दोघांनाही १,७०० कॅलरी. मुलीच्या वाटीत कमी वाढण्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही.

हे सगळे शिकवायचे कुठे? माझ्या मते फळ्यावर नव्हे, शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत. तिथे रोज शिजते, रोज वाढले जाते आणि सगळी मुले एकत्र जेवतात. आज बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखा डाव पडतो, कारण नियमात मुलामागे धान्य ठरलेले आहे. पण पहिली ते पाचवीसाठीचे १०० ग्रॅम हे शाळेला मिळणाऱ्या शिध्याचे माप आहे. सहा वर्षांच्या पोराने आणि दहा वर्षांच्या पोरीने तेवढेच संपवावे असा तो हुकूम नाही. पहिलीच्या मुलाला अर्धा डाव, मग ‘अजून पाहिजे?’ हा प्रश्न. पाचवीतल्याला हवा तर दुसरा. मोठ्या मुलांना स्वतः वाढून घेण्याची पाळी. आणि पातेले तळापासून ढवळल्याशिवाय वाढायला सुरुवात नाही. एवढ्याला नवा शासन निर्णय लागत नाही.

तरीही पंगतीतून होईल ते किती, याचा अंदाज असावा. गरिबीवर वाढपाची शिस्त हा उतारा नाही; पातेल्यात मुळात डाळच कमी असेल तर डाव कितीही खोल गेला तरी काय येणार? राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा खर्च द्यायचे थांबवले. लहान पोटात थोड्या जागेत जास्त प्रथिन बसवायला अंड्याइतका सोपा पदार्थ दुसरा नाही, म्हणून हा निर्णय चुकीचा होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतून दिवसाला २० ग्रॅम डाळ मिळते, आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची २०११ च्या मार्गदर्शिकेतली दिवसाची शिफारस ६० ग्रॅमची होती. राहिलेली ४० ग्रॅम घरच्या पातेल्यातून यायची आहे, आणि सुटीच्या दिवशी सगळीच्या सगळी.